जावईबापूंची तपासणी

आमच्या फ्लाइंग क्लबात हृदयाचे डॉक्टर आहेत, जनावरांचे डॉक्टर आहेत. पण नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलं की ते दातांचे डॉक्टर. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली. त्यामुळे पुढे लिहिताना कुठे अक्कल कमी पडली, तर दोष त्यांचाच.

त्यांच्या दवाखान्यात खुर्ची मागे कलली की बरोबर डोळ्यांवर, छताला चिकटवलेला एका छोट्या विमानाचा फोटो दिसतो. तोंडात आरसा आणि नळी असल्यामुळे ‘हे काय?’ असं विचारता येत नाही. पण न विचारता डॉक्टर सांगतातच. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी हौसेखातर विमान चालवायचं लायसन्स काढलं आणि तेव्हापासून रूट कॅनाल करून घेणारा प्रत्येक पेशंट मनाने एकदा तरी आकाशात जाऊन येतो.

दातांच्या बाबतीत हा माणूस भलताच काटेकोर. हत्यारं दोनदा मोजणार, एक्स-रे उजेडासमोर धरून तीनदा बघणार. विमानापाशी आला की मात्र तोच माणूस एकदम मोकळाढाकळा. उड्डाणाआधी एकेक गोष्ट तपासायची यादी असते, चेकलिस्ट. क्लबाने ती जाड कार्डावर छापून प्रत्येक विमानात ठेवली आहे. डॉक्टर नेहमी चालवत त्या क्लबाच्या विमानातलं कार्ड दाराच्या कप्प्यात इतकं कोरं करकरीत होतं, की बघणाऱ्याला ते कालच आलंय असं वाटावं. डॉक्टर विमानाभोवती एक चक्कर मारत, पंखाला दोन थापा मारत, की निघाले.

“डॉक्टर, कार्ड बघून घ्या,” हँगरमधले मेकॅनिक काका हात पुसत म्हणायचे.

“पाठ आहे हो मला. झोपेत विचारा!”

“झोपेतलं नाही विचारत मी. उडवताना जागे असता ना, तेव्हाचं विचारतोय.”

डॉक्टर हसून हात हलवत. चार वर्षांत काही झालं नव्हतं, हा त्यांचा बिनतोड मुद्दा.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. वय एकाहत्तर. त्यांनी तेहतीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासली होती आणि ती सवय त्यांच्याबरोबर निवृत्त झाली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, विजेचं बिल, फ्रिजचं माहितीपत्रक, जे हाती पडेल ते त्या शेवटच्या टिंबापर्यंत वाचत. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्याच्या पाटीसमोर उभं राहून विचारलं होतं, “जावईबापू, ‘तज्ज्ञ’मधला एक ज कुठे गेला?” डॉक्टरांना पाटी पुन्हा रंगवून घ्यावी लागली.

एका रविवारी सकाळी डॉक्टरांच्या बायकोने सुचवलं, “आईला एकदा वरून गाव दाखवून आणा ना.” तिला स्वतःला झोपाळ्यावरही मळमळतं, म्हणून ती घरीच थांबली.

सासूबाई नवी चप्पल घालून, पर्स छातीशी धरून डॉक्टरांशेजारच्या सीटवर बसल्या. पट्टा लावून झाला, आणि वाचायला काही नाही म्हणून त्यांनी दाराच्या कप्प्यातून ते कार्ड काढलं. पर्समधून चष्मा काढला.

“मी वाचू का मोठ्याने?”

“कशाला आई? मला पाठ आहे.”

“असू दे. तेवढाच माझा वेळ जाईल. डाव्या टाकीतलं इंधन?”

“भरलेली आहे. हा बघा काटा.”

“काट्याचं काही लिहिलेलं नाही इथे. ‘झाकण उघडून प्रत्यक्ष पाहा’ असं आहे.”

“अहो, तो आपला एक सोपस्कार असतो.”

“मग पाहिलंत का?”

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. पट्टा काढला. जावई म्हणून सहन करायच्या गोष्टींत ही आणखी एक, अशा चेहऱ्याने ते पंखावर चढले, झाकण फिरवलं आणि आत डोकावले. मग मापाची काठी आत घातली. बाहेर काढली. पुन्हा घातली. काठीचं नुसतं टोक ओलं होतं.

सासूबाई काही वेळ थांबल्या, मग दार उघडून वाकून म्हणाल्या, “काय हो? चुकीचं छापलंय का काही?”

“नाही आई,” वरून हलका आवाज आला. “बरोबर छापलंय.”

आदल्या दिवशी कुणीतरी विमान तासभर फिरवून टाकी न भरताच ठेवलं होतं, आणि काटा जिथल्या तिथे अडकून बसला होता. उजव्या टाकीत होतं थोडंफार. कदाचित काहीच झालं नसतं. हे ‘कदाचित’ डॉक्टरांनी त्या दिवशी मनात पन्नासदा तरी घोळवलं असेल.

उड्डाण रद्द झालं. मेकॅनिक काकांनी दोघांना हँगरच्या सावलीत चहा दिला. ‘मी सांगत होतो’ असं ते म्हणाले नाहीत. फक्त डॉक्टरांच्या कपात साखर जास्त घातली.

“छापखान्यात पाठ असलेला मजकूर मी तपासायला घ्यायचेच नाही,” सासूबाई बोलू लागल्या. “पाठ असलं की डोळे वाचत नाहीत, नुसते आठवतात. एकदा शाळेच्या पुस्तकावर भूगोलाचा भू ऱ्हस्व छापला गेला. थेट मुखपृष्ठावर, एवढ्या मोठ्या अक्षरात! सात जणांनी तपासलं होतं. मीही त्यातलीच. तेव्हापासून आमच्याकडे एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवून बघायचं.”

“तुमच्या चुकीने फक्त भूगोल बिघडला, आई,” डॉक्टर म्हणाले.

घरी सासूबाईंनी चकार शब्द काढला नाही. बायकोने दारातच विचारलं, “छान झाली का चक्कर?” ‘हो’ म्हणणं सोपं होतं. डॉक्टर म्हणाले, “उडालोच नाही,” आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, “आपल्या दोन्ही मुलांना घेऊन किती वेळा गेलात हो तुम्ही?”

डॉक्टरांनी बोटांवर मोजायला घेतलं, तर एका हाताची बोटं पुरली नाहीत.

आमच्या क्लबाची बैठक महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते. तिथे चहा-बिस्किटांबरोबर फुशारक्या मारल्या जातात: कोण कसल्या वाऱ्यात उतरला, कोण कुठल्या टेकडीवरून गेला. सुरक्षेचा विषय सगळ्यात शेवटी येतो, आणि तो आला की सगळ्यांना घरची कामं आठवतात. त्या शनिवारी डॉक्टर सुरुवातीलाच उभे राहिले. त्यांनी टाकीची हकीकत सांगितली. चार वर्षं कार्ड हातात धरलं नव्हतं, हेही सांगितलं.

मागच्या रांगेतून आमचे वकीलसाहेब म्हणाले, “ते विमान आदल्या दिवशी मीच ठेवलं होतं. पाहुणे यायचे होते म्हणून घाईत होतो.” वकिलाने गुन्हा आपणहून कबूल केल्यावर बाकीच्यांचा काय टिकाव लागणार? मीही उठलो आणि शेपटीला बांधलेला दोर न सोडताच इंजिन चालू करून, विमान पुढे का जात नाही म्हणून पाच मिनिटं इंजिनाला शिव्या दिल्याचं सांगितलं. लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

तेव्हापासून बैठकीचा पहिला अर्धा तास ‘या महिन्यात कोण चुकलं’ यालाच असतो. हजेरी दुप्पट झाली. सुरक्षेची आवड वाढली म्हणावं, तर दुसऱ्याची फजिती ऐकायची आवड आधीपासूनच होती. पण घरी जाताना जो तो गुपचूप विमानातलं कार्ड वाचून जातो, हे मेकॅनिक काकांनी पाहिलंय.

खरी परीक्षा पुढे थंडीत झाली. डॉक्टरांच्या कॉलेजातल्या मित्राच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन होतं, विमानाने पाऊण तासावर. ‘मी उडत येणार’ असं डॉक्टरांनी महिनाभर आधीच सगळ्यांना कळवून ठेवलं होतं. बरोबर सासूबाई. दोन्ही टाक्या डोळ्यांनी बघून झाल्या आणि निघाले. अर्ध्या वाटेवर ढग खाली यायला लागले.

“खालून निघून जाऊ,” डॉक्टर म्हणाले. “पंधरा-वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. काय वाटतं?”

“ढगातलं मला काही कळत नाही. पण सकाळी तुम्हीच या कागदावर काहीतरी लिहून ठेवलंय.” सासूबाईंनी मांडीवरचा कागद उचलून चष्मा सारखा केला. “अक्षर डॉक्टरचं आहे, पण लागतंय. ‘टेकड्यांचे माथे दिसेनासे झाले, तर परत.’ दिसतायत का?”

डॉक्टरांनी पाहिलं. डावीकडचा एक दिसत होता. उजवीकडचे दोन नव्हते. सगळे मित्र जमलेले असतील, कुणीतरी गच्चीवर जाऊन आकाशाकडे बघतही असेल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी सावकाश विमान वळवलं.

उतरले, बस पकडली, आणि चार तासांनी पोचले तेव्हा फीत कापून झाली होती आणि जेवण गार होतं.

“काय रे, विमान पंक्चर झालं का?” मित्राने सगळ्यांदेखत विचारलं.

“नाही. ढग होते, परत फिरलो,” डॉक्टर म्हणाले आणि ताट वाढून घेतलं. मित्रांनी तासभर यथेच्छ टिंगल केली. डॉक्टरांनी ती भातासारखी निमूट खाल्ली, वर दोनदा मागूनही घेतली.

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. दहाव्या मिनिटाला डॉक्टरांची मान सासूबाईंच्या खांद्यावर कलली. इतका निवांत झोपलेला जावई आपण पहिल्यांदाच पाहिला, असं त्या सांगतात. घोरतो मात्र फार, असंही सांगतात.