अजून सोसेल

मी अंबत्तूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होतो तेव्हा आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त सरकारी डॉक्टर राहायचे. तंजावरचे मराठी, बोलण्याला तमिळचा हेल. कुणीही भेटलं की आधी त्याचं मनगट धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "परवा इल्ले, अजून सोसेल." म्हणजे काळजीचं कारण नाही. माझ्या आईला त्याने फार धीर यायचा. नागपूर सोडल्यापासून तिच्याशी मराठीत बोलणारं दुसरं होतं कोण?

एकदा नवा वॉचमन आला. पन्नाशीचा, जरा लंगडणारा. डॉक्टरांनी फाटकापाशी त्याचंही मनगट धरलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. तो मटकन खाली बसला, चपला काढल्या आणि दोन्ही तळवे पुढे केले.

डॉक्टर वळून आत गेले. मी पाणी दिलं, तेव्हा तो म्हणाला, "पोलीस ठाण्यात तळव्यांवर काठ्या मारायचे. मी बेशुद्ध पडलो की यांना बोलवायचे. हे नाडी बघून हेच वाक्य म्हणायचे, आणि पुन्हा सुरू."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सोसायटीला सांगितलं, "त्याला फिट्स येतात. दारावर ठेवू नका." डॉक्टरांचाच शब्द तो! वॉचमनला काढलं. त्याचे तळवे कुणी बघितले नाहीत.

संध्याकाळी आईने नेहमीसारखा हात पुढे केला. मी तो मागे ओढला.

"काय झालं हो?" डॉक्टरांनी मायेनं विचारलं, आणि माझंच मनगट धरलं.