लेकीच्या घरचं पाणी

आमच्या पाथर्डीकडं एक रीत आहे. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. आता कोण पाळतं म्हणा! पण आमचे हे पाळतात. एकदा धरलं की हा माणूस सोडत नाही. उभी हयात ऊसतोडीत गेली, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढले, पण कुणापुढं वाकले नाहीत. मला ह्याचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा.

आमची लेक लेहला लष्कराच्या दवाखान्यात नर्स आहे. आमच्या वाडीतली पोरगी, लष्करात, तीही लेहला! एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही मी हे सांगते. सांगणारच. जावई दुसरीकडं पोस्टिंगला असतात, म्हणून तिनं आम्हा दोघांना पंधरवडाभर बोलावून घेतलं. ह्यांनी निघताना भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घरच्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत कोंबल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

विमानतळावरून क्वार्टरला जाताना पोरीनं बजावलं, "दोन दिवस नुसतं पडून राहायचं. चालायचं न्हाई, वजन उचलायचं न्हाई, पाणी भरपूर प्यायचं."

"आमी काय आजारी हाय का?" हे म्हणाले.

ती हसली. मग त्यांना कळेल असं तिनं समजावलं. "दादा, गाडी तीच असली तरी मोळ्या सैल बांधल्या की ऊस कमी बसतो ना? इथली हवा तशी सैल हाय. श्वास तेवढाच घेतला तरी ऑक्सिजन कमी मिळतो. मग अंगातला मुकादम जादा कोयते लावतो, माणसं वाढवतो तसं रक्त वाढवतो. पण टोळी गोळा व्हायला वेळ लागतो. तवर दम धरायचा."

हे कौतुकानं माझ्याकडं बघत राहिले. पोरीनं इतकं सोपं करून सांगितलं, की पुस्तक लिहिणाऱ्यालाही जमलं नसतं. पण ऐकणं वेगळं आणि वागणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी पोरगी ड्युटीला गेली आणि इकडं ह्यांच्या बाटल्या संपल्या. मी तर आल्या आल्या तिच्या माठातलं पाणी घटाघटा प्यायले होते. आईच्या जातीला असला मान परवडत नाही बाई! ह्यांना म्हटलं, "घ्या की घोटभर, कुणाला कळतंय?" तर म्हणाले, "मला कळतंय ना." आणि उठून निघाले चढावरच्या दुकानातून विकतचं पाणी आणायला. मी दारापर्यंत ओरडत गेले. उपयोग काय?

परत आले ते भिंतीला धरत. बाटल्या हातात होत्या, पण पाणी पोटात ठरेना. ओकारी आली, डोकं फुटायला लागलं. ओठ निळे दिसायला लागले तशी माझी पाचावर धारण बसली. शेजारणीकडून पोरीला फोन लावला.

ती युनिफॉर्ममध्येच धावत आली. बापाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला, आणि तिचा चेहराच बदलला. घरातला छोटा सिलिंडर काढून मास्क लावला, दवाखान्याच्या गाडीला फोन केला. नवरा डोळ्यांदेखत जातोय की काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"पाणी किती प्यायलेत?" तिनं मला विचारलं. मी सगळं सांगून टाकलं.

विकतचं पाणी बर्फागत गार होतं, म्हणून तिनं माठातलं पाणी कोमट करून पेल्यात घेतलं, मास्क बाजूला केला. "दादा, घोट घोट घ्या."

ह्यांनी तोंड फिरवलं. तशाही अवस्थेत! "लेकीच्या घरचं..." एवढंच बोलले आणि धाप लागली.

मला वाटलं आता ही रडेल, पाया पडेल. मी तर पडणारच होते. पण ती खाली बसली, बापाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "हे सासर न्हाई, दादा. जावयाचं घर न्हाई. मी नोकरी करते म्हणून सरकारनं मला दिलेली खोली हाय ही. ही नोकरी कुठून आली? तुमी उसाच्या फडात राबलात, मला मात्र एक दिवस फडावर नेलं न्हाई, शाळंत ठेवलं, तिथून आली. मग हे पाणी कुणाचं, सांगा बरं? बापानं मिळवलेलं पाणी बापच पिणार न्हाई, तर मी तरी कशाला पिऊ?"

डोळे भरून आले ह्यांचे. मग पेला त्यांनी स्वतःच्या हातानं धरला आणि थोडं थोडं करत संपवला.

गाडी आली. पोरीनं दाराशी उभ्या राहिलेल्या जवानांना भराभर सूचना दिल्या आणि ते "जी मॅडम, जी मॅडम" करत स्ट्रेचर उचलायला लागले. अशा वेळीही माझा ऊर भरून आला. म्हटलं, बघा, ही माझी पोर हाय!

दवाखान्यात रात्रभर ऑक्सिजन लागला. सकाळी आकडा वर चढला, ओठांना रंग आला, आणि ह्यांनी चहा मागितला. अंथरूण आवरायला आलेल्या एका जवानानं हसत विचारलं, "बाबा, बेटी के घर घूमने आए थे ना?"

ह्यांनी मास्क खाली ओढला. जन्मात हिंदी न बोललेला माणूस तो, पण छाती पुढं काढून म्हणाला, "बेटी का न्हाई रे. मेराच घर हाय."