ठिपका हलत नव्हता

ताईने इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका मिलमजुराशी लग्न केलं तेव्हा मी कॉलेजात होते. मुलगा हिंदीभाषी, आणि आमचे वडील त्याच मिलच्या ऑफिसात हेडक्लार्क. दादाने, म्हणजे आमच्या थोरल्या भावाने, "ती आम्हाला मेली" असं जाहीर करून टाकलं.

पुढे मिल बंद पडली. त्याच सुमारास दादाने नोकरी सोडून रंगीत टीव्हीचं दुकान काढलं. बाहेरच्या कंपन्यांचा माल नुकता यायला लागला होता. त्याचं दुकान धो धो चाललं आणि ताईचा नवरा घरी बसला. मग एका शोरूमच्या दारात गार्ड म्हणून उभा राहिला. ताई घरी फ्रॉक शिवायची. "भोगतेय आता," असं दादा जेवताना म्हणायचा, आणि मी त्याला पोळी वाढायचे.

मी ताईकडे जायचे. माझ्या लग्नाआधी आणि लग्नानंतरही, घरात "बडा गणपतीला जाऊन येते" म्हणून सांगायचं आणि सीटवाल्या टेंपोत बसायचं. माझ्या यजमानांना कळलं असावं. एकदा मी निघताना ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "येताना प्रसाद आणत जा. रिकाम्या हाताने आलीस तर लोक विचारतील." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. असं माणूस नशिबानेच मिळतं.

यजमान वारल्यावर बेंगळुरूहून मुलगा आला आणि मला नवा फोन देऊन गेला. "आई, तुला बीपी आहे. कुठे चक्कर आली तर मला कळायला हवं," असं म्हणत त्याने फोनमध्ये काहीतरी करून दिलं. मी मान हलवली. फोनमधल्या नकाशावर माझ्या जागेचा ठिपका त्याच्याप्रमाणे दादालाही दिसेल, हे त्याने मला सांगितलंच नाही. त्याच्या लेखी मामा इंदुरातच, सगळ्यांत जवळचा, म्हणून सोय.

एका दुपारी ताईकडे गप्पा लांबल्या. तिने दाल-बाफले केले होते. फोन पर्समध्ये आणि पर्स पलंगावर. दार वाजलं म्हणून ताई उठली. बाहेर दादा उभा होता, घामाने डबडबलेला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

मग त्याने तिच्या खांद्यावरून आत बघितलं आणि मला म्हणाला, "ठिपका हलत नव्हता तुझा. फोन उचलत नाहीस. मला वाटलं, पडलीबिडलीस कुठे."

ताईचा नवरा खोकत उठला, खुर्ची पुढे सरकवली. "आइए भाईसाब, बैठिए. पानी पी लीजिए."

दादाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चल," एवढंच मला म्हणाला. मी हलले नाही. मग तो एकटाच पायऱ्या उतरून गेला. ताईशी एक शब्द नाही.

ताईने दाराची कडी घातली. म्हणाली, "मला वाटायचं गं, एकदा समोर आला की विरघळेल. इतकी वर्षं त्यावरच ढकलली."

रात्री मुलाचा फोन. "आई, मामांना किती वाईट वाटलं माहितीये? सगळ्यांशी खोटं बोलत होतीस तू."

"ते बंद कर," मी म्हटलं. "मी कुठे जाते ते कुणाला दिसायला नको."

"अगं, पण तुला लपवायचं काय आहे?"

ताईला लपवत होते, असं म्हणायचं? ती काय चोरीचा माल होती? शेजाऱ्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून मी ते बंद करायला शिकले. तासाभरात मुलाचा फोन आला, "आई, ठीक आहेस ना?" त्याचा आवाज कापत होता. मी ते पुन्हा चालू केलं. पुढे परदेशीपुऱ्याला जाताना फोन घरी चार्जिंगला लावून जाऊ लागले, तर रस्ताभर मलाच धाकधूक, खरंच चक्कर आली तर?

ताई चहा करायची, पण आता पाहुण्याला करावा तसा, बशीत बिस्किटं मांडून. दादाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. तिचा मुलगा पीथमपूरला फॅक्टरीत कामाला होता; काही महिन्यांनी त्याला तिथेच खोली मिळाली, आणि ताई आणि तिचा नवरा तिकडे निघून गेले. "पोहोचलो की कळवते," म्हणाली होती. कळवलं नाही.

दादा दिवाळीला फराळ घेऊन आला. "मी काळजीनेच आलो होतो गं," सोफ्यावर बसत म्हणाला. खरंच होतं ते. त्या दुपारी त्याने शर्टाची बटणंही धड लावली नव्हती. त्यामुळे त्याच्याशी नीट भांडताही आलं नाही. मी चकल्या माझ्या डब्यात काढल्या आणि त्याचा डबा धुऊन परत दिला.