खर्जाची जागा

घरातल्या सिनेमाच्या खोलीत खर्ज सगळीकडे सारखा ऐकू यावा, म्हणून रविवारभर मी दोन्ही सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, भिंतींलगत सरकवत होतो. सोफ्यावर आवाज पोकळ यायचा आणि कोपऱ्यात नुसता घुमायचा. शेवटी ते समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले, तेव्हा घुमणं थांबलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा बसले होते. गेल्या वर्षापासून त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यांनी भिंतीला तळहात लावून पाहिला.

"बंद केलंस का रे?"

मी मानेनेच नाही म्हटलं आणि एक सबवूफर उचलून पुन्हा त्यांच्या कोपऱ्यात नेला. त्यांचा पाय हळूहळू ठेका धरू लागला.

या घरात अजून काय काय मी असंच सगळ्यांसाठी सारखं करून टाकलं असेल, या विचाराने मला सोफ्यावर स्वस्थ बसवेना.