अळणी साबुदाणा

आईसाठी भिजवलेला साबुदाणा ओट्यावर तसाच राहिलाय. एक दाणा बोटांत दाबला, जिभेवर ठेवला. अळणी. गोडीचा मागमूस नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. साखरेचे रेणू एकमेकांना जोडले जातात, प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि लांबच लांब साखळी होते, ती म्हणजे स्टार्च; साबुदाण्यात जवळजवळ सगळा तोच. दरवर्षी पोरांना एकमेकांचे हात धरायला लावून रांगेत उभं करतो आणि सांगतो, की ही साखळी जिभेला गोड लागत नाही. पोटात गेली की हात सुटतात, साखर मोकळी होते.

आईला मधुमेह. तिच्या चहातली साखर मीच बंद केली. पण सोमवार, चतुर्थी, एकादशी, तिचे सगळे उपास माझ्या हातच्या खिचडीवर. त्यातली चिमूटभर साखर तेवढी मी वगळायचो आणि पथ्य सांभाळलं असं म्हणायचो. फळ्यावरचं घरी आठवलं नाही, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. आठवायचं. पण उपास सोड म्हटलं तर ती रुसेल, म्हणून गप्प बसायचो.

उद्या तिचं पाऊल कापणार आहेत.

आज दवाखान्यात सांगून टाकलं, "आई, साखर त्या खिचडीतच होती गं."

ती हसली. "काहीतरीच तुझं! मग मला गोड कशी लागली नाही रे?"

या प्रश्नाचं उत्तर वर्गात कितीदा दिलंय. तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि घरी आलो.

तो दाणा अजून दाताखाली आहे. अळणीच लागतोय.