दादाच्या घशातून आलेले केस

आधीच सांगते, भूत, करणी, 'बाहेरचं' वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही ठेवावासा वाटत नाही. आणि हा अनुभव भीतीपेक्षा किळसेचा आहे... जेवता जेवता वाचत असाल तर नंतर वाचा.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, एक अजब नाद आहे — जुन्या, स्वस्तातल्या युरोपियन सिनेमांचा. त्यातही माणसाचा लांडगा होणारे. नायकाच्या गालावर चिकटवलेले केस, कडेला सुटलेला गोंद, तोंड मिटलं तरी चालूच राहणारं डबिंग. लख्ख ऊन पडलेलं आणि सगळे म्हणतात, पौर्णिमेची रात्र आहे! मीही पोट धरून हसायचे. इतकी भाबडी बनवाबनवी असते की त्या लोकांवर जीवच जडतो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही दोघं लोणावळ्याजवळ मळवलीला मित्राच्या बंगल्यावर गेलो होतो. दुपारी जेवून पडदे ओढले, प्रोजेक्टर लावला. बंगला सांभाळणाऱ्या हौसामावशी, जवळच्याच औंढे गावच्या, दारातच टेकल्या.

"ह्यो लांडगा व्हय?" त्या म्हणाल्या. "अवो, आमच्या घरधन्याच्या मिशा बऱ्या की ह्याच्यापरीस!"

आम्ही खो खो हसलो. हसता हसता दादाला खोकला लागला. ठसका असेल म्हणून मी पाठ चोळली. तेवढ्यात वास आला... भिजलेल्या जनावराचा, आणि त्यात सडक्या मांसाचा.

दादाने तोंडात दोन बोटं घातली आणि एक केस ओढून काढला. राखाडी, राठ. मग आणखी एक. मग झुबकाच — लाळेने लडबडलेला. मी नकळत हात पुढे केला, त्याने तो माझ्या तळव्यावर ठेवला. कोमट होता. मला तिथेच उलटी झाली.

मावशींनी वाकून बघितलं. "कुत्र्याचं न्हाई हे. ताई, दादांना दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता!"

लोणावळ्याच्या डॉक्टरांना घसा स्वच्छ दिसला. पुण्यात एंडोस्कोपी केली, काही नाही. केस मी डबीत घालून जनावरांच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "कुत्रा किंवा लांडगा असावा. पण हे गळलेले नाहीत, उपटलेत. मुळाशी कातडी आहे, बघ." बंगल्यावर कुत्रा नव्हता. दोघं एकाच भांड्यातलं जेवलो होतो, मला काहीच झालं नाही.

दादा ठणठणीत आहे. आम्ही तो विषय काढत नाही. परवा मात्र मी न राहवून विचारलं, "तेव्हा तुला किती घाण वाटली असेल रे?"

त्याने उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

"घाण नव्हती वाटली," तो म्हणाला. "तेच तर कुणाला सांगितलं नाही. तुम्ही दोघी बघत होतात म्हणून बाहेर काढले... मला ते गिळायचे होते."

याचं काय करायचं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा.