निळीचा रांजण

मद्रासमध्ये लोकर कशाला, हा प्रश्न सासरी आल्याच्या पहिल्याच वर्षी मला सगळ्यांनी विचारून झाला होता. चुकीचं नव्हतं त्यांचं. जिथे पौषातसुद्धा पंख्याखाली झोपावं लागतं, तिथे लोकरीचं करायचं काय? पण मी कोल्हापूरकडची. आमच्या गल्लीच्या टोकाला जेन करणारी माणसं राहत. जेन म्हणजे लोकरीचं जाड बसकर. त्याला ना सूत लागतं ना माग. पिंजलेली लोकर थरावर थर पसरायची, साबणाचं गरम पाणी शिंपडायचं, चटईत गुंडाळायची आणि पायांनी लाटत राहायची. केसात केस अडकत जातात आणि शेवटी ते असं घट्ट बसतं की कात्रीलाही दाद देत नाही. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायची.

लग्नानंतर भाऊ मला भेटायला मद्रासला आला, तेव्हा मी कळवलं होतं म्हणून लोकरीचं पोतं घेऊन आला. सासूबाईंनी नाकाला पदर लावून ते परसात ठेवायला लावलं.

आमचं घर नुंगंबाक्कमला, तळ्याच्या अंगाला. तेव्हा तळ्यात पाणी असायचं. सासरची मंडळी मूळची तंजावरकडची. त्यांची मराठी जुन्या वळणाची. ‘आहे’ला ‘अहा’ म्हणत, ‘सगळं’ला ‘अस्कं’, आणि रागावली की सरळ तमिळवर जात. माझी मराठी त्यांना उर्मट वाटे. घरात माणसं चार. सासूबाई, ज्यांना सगळे अम्मा म्हणत, माझे यजमान, त्यांची धाकटी बहीण, आणि मी. वन्सं माझ्याहून थोड्या मोठ्या होत्या. मुलींच्या शाळेत शिकवायच्या. लग्न व्हायचं राहिलं होतं.

त्या घरात माझ्याशी पहिल्यांदा मनापासून बोलल्या त्या वन्संच, आणि त्याला कारण ते पोतं. एका रविवारी मी विहिरीजवळ चटई पसरून लाटायला बसले होते. त्या कॉफीचा पेला हातात घेऊन उभ्या राहिल्या, बघत राहिल्या, मग पेला कट्ट्यावर ठेवून साडी खोचली आणि चटईच्या दुसऱ्या टोकावर पाय दिला.

“जोर द्यायचा का, वैनी?”

“आधी हलका. मग वाढवायचा.”

तेव्हापासून रविवारची दुपार आमची झाली. पहिली कित्येक बसकरं फुकट गेली. कुठे भोक पडलं, कुठे पापुद्रे सुटले. मग रंगांचा नाद लागला. डाळिंबाच्या साली, कांद्याची टरफलं, तरवडाची फुलं, जे मिळेल ते आम्ही फटकडीबरोबर उकळायचो. हळदीचा रंग उन्हात चार दिवस टिकत नसे. वन्सं शाळेतून येताना देशी औषधांच्या दुकानातून कसल्या कसल्या मुळ्या आणायच्या. त्यातली एक ‘सायवेर’ नावाची. ती मंद आचेवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी लोकर बाहेर काढली तर अशी लाल, की आम्ही दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिलो. त्या लोकरीचं केलेलं जेन म्हणजे आमच्या हातून झालेली सर्वांत चांगली वस्तू.

यजमान हसायचे. “मेंढरं कधी आणताय?” म्हणायचे. पण त्यांनी अडवलं नाही. अम्मांनीही नाही, निळीचा रांजण येईपर्यंत.

निळीच्या वड्या, चुना आणि टाकळ्याच्या बियांचा काढा रांजणात घालून आंबवत ठेवायचा असतो. त्याला जो वास सुटतो तो सांगून कळायचा नाही. “मेलेलं काय ठेवून घेतली अहास परसात?” अम्मा म्हणाल्या. पण लोकर त्यातून हिरवट पिवळी निघते आणि वारा लागता लागता डोळ्यांदेखत निळी होते, हे वन्संनी त्यांना बोलावून दाखवलं. अम्मा बराच वेळ बघत राहिल्या. मग तोंड फिरवून आत गेल्या. रांजण राहिला.

त्याच सुमारास कुंभकोणमहून एक स्थळ आलं. बिजवर. पदरी दोन मुलं, घर मोठं, नोकरी चांगली. अट एकच, मुलीने नोकरी सोडायची. घरात सगळ्यांना हायसं झालं. वन्संना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही तोंड उघडलं नाही. त्या आठवड्यात त्या नेहमीसारख्या शाळेत गेल्या, वह्या तपासल्या, जेवल्या.

पाहुणे संध्याकाळी यायचे होते. दुपारी मी शिऱ्यासाठी बदाम सोलत होते. पाणी हवं म्हणून विहिरीकडे गेले तर वन्सं रांजणापाशी उकिडव्या बसलेल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत आत. ढवळत नव्हत्या, काही शोधत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, डोळे मिटून. त्या दिवशी रांजणात लोकर नव्हतीच.

“वन्सं! अहो, काय करताय हे?”

त्यांनी हात बाहेर काढले. हिरवट होते. आम्ही दोघी बघत असतानाच ते निळे होत गेले.

“झाकण सरकलेलं दिसलं,” त्या म्हणाल्या. एवढंच.

मग घरात जो आकांत झाला! चिंचेने घासलं, काथ्याने घासलं, खोबरेल चोळलं. कातडी सोलवटली, पण नीळ गेली नाही. नखं तर काळीच दिसायला लागली. अम्मा कपाळ बडवत होत्या. वन्सं हात पुढे करून शांतपणे बसल्या होत्या, दुसऱ्या कोणाचे तरी हात असावेत तशा.

पाहुणे आले. कॉफी घेऊन त्यांना बाहेर जावंच लागलं. मुलाच्या आईने पेला घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

“हे काय अहा? कातडीचं काही अहा का?”

मी दाराआड उभी होते. मला वाटलं, वन्सं आता सांगतील. ‘मीच हात घातले’, एवढे तीन शब्द. त्या खाली बघत होत्या.

अम्मांनी दाराकडे बोट केलं. “आमची सून. घाटावरची. तिचे खेळ हे अस्के.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. यजमानांनीसुद्धा. आणि वन्संनीही मान वर करून पाहिलं, इतरांसारखंच.

पाहुण्यांनी ‘कळवतो’ म्हटलं आणि कळवलं नाही. यजमानांनी स्वतःच्या हातांनी रांजण नारळाच्या बुंध्याशी उपडा केला. मी म्हटलं, “एकदा तुमच्या बहिणीला विचारा तरी.” ते म्हणाले, “काय विचारायचं? तिच्या आयुष्याचं वाटोळं केलंस, वर तिलाच विचारू?” उरलेली लोकर गाडीवाल्याला बैलाच्या पाठीवर घालायला दिली. ते लाल जेन अम्मांनी वाटायच्या दगडाखाली घातलं, फरशी खराब होऊ नये म्हणून. इडलीचं आंबट पीठ त्यावर सांडत राहिलं आणि जिथे जिथे सांडलं तिथला लाल रंग पिवळा पडत गेला. रोज सकाळी मी त्याच्याशेजारी बसून वाटायची.

पुढे वन्संसाठी स्थळं आली नाहीत. गोष्ट पसरली होती. घरी कोणीही आलं की अम्मा ती सांगायच्या, मी समोर असले तरी, आणि ऐकणाऱ्या बायका माझ्या हातांकडे बघायच्या. वन्सं शाळेत वर वर चढत गेल्या. घरात माझ्याशी गोड बोलायच्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझं सगळं केलं. पण अम्मा ती गोष्ट सांगू लागल्या की त्या उठून आत जायच्या.

अम्मा गेल्या, त्यानंतर तांबरमच्या शाळेत वन्सं मुख्याध्यापिका झाल्या. तिथेच खोली घेऊन राहायचं त्यांनी ठरवलं. सामान बांधताना आम्ही दोघीच होतो. मी विचारलं.

“तुम्ही मुद्दाम हात घातलेत ना?”

त्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. थांबल्या नाहीत.

“हो.”

“मग एकदा तरी सांगायचं होतंत. त्या दिवशी नाही, नंतर कधी.”

“सांगितलं असतं तर दुसरं स्थळ आणलं असतं, आणि या वेळी माझ्यावर पहारा बसवला असता.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्हाला नवरा होता, वैनी. बोलणी खाऊन तुम्ही या घरात राहणारच होतात. मला ना इथे राहायचं होतं, ना त्यांच्याकडे.”

त्यात खोटं काही नव्हतं. त्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, असं तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. त्याने राग कमी झाला नाही. माझ्याकडे एकदा येऊन ‘वैनी, हे मी तुमच्या अंगावर टाकते आहे’ म्हणाल्या असत्या, तर मी ते आपणहून घेतलं असतं. त्यांनी मला तेवढंही जमेस धरलं नाही.

यजमान गाडी घेऊन आले. मी डब्यात दही-भात भरून दिला. वन्सं वाकून नमस्कार करायला लागल्या तशी मी मागे सरले. त्या क्षणभर तशाच वाकलेल्या राहिल्या, मग पिशवी उचलून बाहेर पडल्या. यजमानांनी फाटकापासून हाक मारली, “अगं, ये ना, निरोप दे तिला.”

मी चुलीवरची डाळ उतू जाते आहे म्हणून सांगितलं.